अंतर ठेवून चाला

लहानपणी आम्ही चौघं बाजाराला निघालो की एकामागे एक, मधे पाच-सहा पावलं सोडून चालायचो. पुढे अण्णा, मग मी, मग धाकटा भाऊ, शेवटी आई. भगूरच्या आठवडे बाजारात लोक हसायचे, "आली बघा पलटण!" डांबर सोडून कडेच्या मातीत पाय टाकायचा नाही. रस्त्यात पडलेला डबा, करवंटी, खोकं लाथाडायचं नाही. माती नव्यानं उकरलेली दिसली तर लांबून वळसा. अण्णा झोपलेले असतील तर हात लावून उठवायचं नाही. दारातूनच हाक द्यायची, "अण्णा, चहा झालाय." ते उठून बसले आणि त्यांनी आपल्याकडे पाहिलं की मगच आत जायचं.

सगळ्यांच्या घरी असंच असतं असं मला बरीच वर्षं वाटायचं. एकदा एका मैत्रिणीनं तिच्या घोरणाऱ्या वडिलांच्या पाठीत धपाटा घालून त्यांना उठवलं, तेव्हा मी घाबरून भिंतीला चिकटले होते. ते नुसतेच कूस बदलून परत झोपले.

अण्णा पायदळात होते. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा कोलंबोत करार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून आपलं सैन्य श्रीलंकेत उतरायला लागलं. तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांनी, शस्त्रं खाली ठेवायची, आपण शांतता राखायची, असं ठरलं होतं. ऑक्टोबरात ऑपरेशन पवन सुरू झालं आणि शांतिसेना म्हणून गेलेली माणसं जाफन्याच्या गल्लीबोळांत त्याच वाघांशी लढायला लागली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले बाराशेच्या आसपास जवान गेले होते. परतणाऱ्यांच्या स्वागताला मद्रासमध्ये मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. अण्णा तोवर कधीच परतले होते, पण लढाईचं अवाक्षर न काढणारा हा माणूस ही एक गोष्ट मात्र येईल त्याला ऐकवायचा.

२१ मे १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाली तेव्हा अण्णा सुट्टीवर घरी होते. दुसऱ्या दिवशी आख्खी आळी रेडिओभोवती जमलेली, आणि हे दिवसभर विहिरीवर मोटर दुरुस्त करत बसले. मोटर बिघडलेली नव्हती.

कारगिलनंतर, १९९९ च्या १५ ऑगस्टला, एका शाळेनं त्यांना झेंडावंदनाला बोलावलं. गळ्यात हार घातला आणि कारगिलवर दोन शब्द बोला म्हणाले. अण्णा म्हणाले, मी कारगिलला नव्हतो, श्रीलंकेला होतो. सूत्रसंचालक बाई 'असो, देशसेवा ती देशसेवाच' म्हणाल्या आणि माईक घेऊन पुढच्या समूहगीताकडे वळल्या. घरी येऊन अण्णांनी तो हार गोठ्यातल्या गाईच्या गळ्यात घातला.

लोकांना वाटतं, लढाईतून आलेला माणूस फटाक्यांना दचकत असणार. अण्णा दचकायचे नाहीत. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, त्यामुळे रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. पाहुणे पटकन उभे राहायचे. अण्णा बशीतला चहा न सांडता म्हणायचे, "आपलीच आहे." पुढे एकदा त्यांनी सांगितलं, आवाज ऐकू आला म्हणजे आपण वाचलो, ज्याचा असतो त्याला तो ऐकू येत नाही. त्यांची भीती शांत गोष्टींची होती. उकरलेली माती, वर आलेली तार, वाटेत एकटंच पडलेलं काहीतरी. २००३ च्या सिंहस्थाच्या आधी नाशिकचे रस्ते खणून ठेवले होते, तेव्हा ते कित्येक महिने शहराच्या मध्यवस्तीत आलेच नाहीत. पेन्शनच्या कामालाही मला पाठवलं.

आणखी एक, नारळ. आमच्या घरात नारळ फुटत नसे. सत्यनारायण असो की गृहप्रवेश, आई नारळ पदराखाली घेऊन शेजारच्या काकूंकडे जायची, तिथं फोडायची आणि खोबऱ्याचे तुकडे डब्यातून आणायची. आजीच्या मते समुद्र ओलांडताना काहीतरी बाधलं होतं. तिनं वणीच्या देवीला नवस बोलून पाहिला, तो फेडलाही, पण नारळ काही घरात फुटला नाही.

पहाटे साडेचार-पाचला अण्णा उठून मळ्याच्या बांधावरून बॅटरी घेऊन फेरी मारायचे. दिवेलागणीला पुन्हा. फौजेत याला स्टँड टू म्हणतात. दिवस उजाडताना आणि मावळताना हल्ल्याची शक्यता जास्त, म्हणून सगळ्यांनी हत्यार घेऊन जागेवर उभं राहायचं. आमच्याकडे ते पेन्शनीनंतरही चालूच राहिलं. दारणेकाठच्या उसात बिबटे वाढले तेव्हा वस्तीवरच्या लोकांनी उलट त्यांचे आभार मानले, फौजी आहे म्हणून आपली पोरंबाळं सुखरूप आहेत. बिबट्यामुळे अण्णांच्या आजाराला गावात अशी प्रतिष्ठा मिळाली.

१९९२ च्या दिवाळीच्या सुट्टीत जे झालं ते मात्र कोणाला झाकता आलं नाही. भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा. त्यानं विहिरीवरच्या जुन्या वायरचा तुकडा अंगणातल्या भुसभुशीत मातीत पुरला होता, एक टोक बाहेर ठेवून. ते ओढायचं, माती फुटत यायची, बारकी पोरं किंचाळून पळायची, असा खेळ. अण्णा फाटकातून आत आले. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. मला दिसलं ते असं: अण्णा धावले, भावाला दोन्ही हातांनी धरून आपटलं आणि त्याच्या अंगावर पडले. त्याचा डावा हात कोपराच्या वर मोडला. गावभर झालं, मिलिटरीवाल्यानं दारूच्या नशेत पोराचा हात मोडला. अण्णा त्या दिवशी प्यायलेले नव्हते. त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही, सुट्टी शिल्लक असताना पलटणीत निघून गेले. भाऊ त्यानंतर त्यांच्याशी कामापुरतं बोलला. बारावी झाल्यावर पुण्याला गेला तो गेलाच.

१९९५ ला अण्णा पेन्शनीत आले आणि अंबडच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला लागले. कायम रात्रपाळी मागून घ्यायचे. मालकाला वाटायचं, काय निष्ठा आहे! रात्री जागं राहायचा पगार मिळतोय, यापेक्षा सोयीचं त्यांना दुसरं काही नव्हतं. दिवसा कॅन्टीनची रम घेऊन चार तास झोप. २०१६ मध्ये ती नोकरी संपली आणि रात्री घरात आल्या. ओरडणं, घामानं भिजलेली गादी, एकदा झोपेतच आईचं मनगट असं धरलं की महिनाभर काळंनिळं होतं. आई पुढच्या खोलीत झोपायला लागली. फॅमिली डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. एका खासगी मानसोपचारतज्ज्ञानं पाच मिनिटांत वेगळी झोपेची गोळी दिली.

मी हलले ते माझ्या मुलामुळे. तो सात वर्षांचा होता, सुट्टीत आजोबांकडे राहून आला होता. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत तो मित्रांना घेऊन खाली चालला होता आणि मागे वळून ओरडत होता, "अंतर ठेवा! अंतर ठेवून चाला!" पोरं हसत होती. मला वरून ते दिसलं आणि पोटात खड्डा पडला.

अण्णांना तयार करणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. "डोक्याच्या डॉक्टरकडे" जायला ते काही वेडे नव्हते. ते काम त्यांच्या पलटणीतल्या एका सोबत्यानं केलं, साताऱ्याकडच्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज गुड मॉर्निंगची फुलं पाठवणारा माणूस. मी त्यांना गुपचूप फोन केला. त्यांनी अण्णांना लावला आणि सांगितलं, मी चार वर्षं गोळ्या घेतोय, तू काय माझ्यापेक्षा मोठा मर्द लागून गेलास? यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं.

मग कागदपत्रं. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून आहे, पण अण्णांनी कार्डच काढलं नव्हतं. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ आहे, म्हणजे फुकटात मिळणारी गोष्ट ट्रंकेत पडून होती. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, फोटो, आईच्या नावाच्या स्पेलिंगचा घोळ (प्रत्येक सैनिकाच्या बायकोचं नाव रेकॉर्डला वेगळंच का असतं हे कोडं आहे), प्रतिज्ञापत्र. कार्ड आलं की पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरला दाखवायचं, ते यादीतल्या हॉस्पिटलसाठी रेफरल लिहून देतात. आमच्या वेळी पॉलिक्लिनिकच्या डॉक्टर बाईंनी फक्त एकच विचारलं, "श्रीलंका?" अण्णांनी मान हलवली. त्यांनी पुढे काही न विचारता लिहायला घेतलं.

निदान पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगातून गेल्यावर मनात घर करून राहणारा आजार. डॉक्टर म्हणाले, हे नाव १९८० साली अमेरिकेत वैद्यकीय यादीत आलं, त्यात व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता. आजार मात्र लढायांइतकाच जुना. सर्ट्रालिन ही चिंता-नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि बजावलं, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतील, मधेच सोडायची नाही. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन. ते खरं तर रक्तदाबाचं औषध, म्हणून अगदी थोड्यापासून, झोपताना घ्यायचं आणि रात्री उठताना आधी पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं, नाहीतर चक्कर येऊन पडायची भीती. रम बंद. या शेवटच्या हुकमावर अण्णांनी डॉक्टरांना पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं.

गोळ्यांनी स्वप्नं कमी झाली, पण करवंटी करवंटीच राहिली. ते काम त्याच हॉस्पिटलच्या काउन्सेलर बाईंचं. वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकदा बोलावलं आणि मला जे सांगितलं ते ऐकून मी आधी चिडले. भीती वाटते ती गोष्ट टाळली की लगेच बरं वाटतं, आणि म्हणूनच धोका संपलाय हे मेंदूला कधी कळतच नाही. तीस वर्षं अण्णा टाळत होते आणि आम्ही त्यांना टाळायला मदत करत होतो. नारळ शेजारी फोडून, वळसे घालून, दारातून हाका मारून. "तुम्ही फार चांगली ड्युटी केलीत," बाई आईला म्हणाल्या, "आता ती सोडा." आई घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही.

या उपचाराला प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर म्हणतात. त्याचे दोन भाग. एकात, टाळत आलेल्या गोष्टींची यादी करायची आणि प्रत्येकीला शून्य ते शंभर मार्क द्यायचे, किती भीती वाटते याचे. मग खालून वर चढत जायचं. एकेका ठिकाणी भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. ती चढलेली असताना पळून आलं तर केलेलं पाण्यात. अण्णांना हे लगेच पटलं. ट्रेनिंग म्हणजे त्यांच्या ओळखीचा मुलूख. शाळेच्या वहीत रेघा मारून त्यांनी तक्ता केला: करवंटी लाथाडणे ४०, कडेच्या मातीतून चालणे ५५, कोणीतरी अगदी जवळून चालणे ६०, खणलेल्या खड्ड्याशेजारी उभे राहणे ८०, जमिनीतून आलेली तार ९५, शहाळे १००. अक्षर सुबक, खाली सही आणि तारीख.

करवंटीच्या वेळी मी हजर होते. मळ्याची वाट, मधोमध करवंटी, माझा मुलगा पलीकडे गोलकीपर. अण्णा तिच्यापुढे कितीतरी वेळ उभे. चपलेतली पायाची बोटं आवळलेली, मानेवरून घाम, ओठ हलत होते. मी 'राहू द्या' म्हणणार होते, बाईंनी नेमकं तेच बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. शेवटी त्यांनी पायाच्या टोकानं तिला नुसतं ढकललं. "आजोबा, हा काय शॉट आहे?" मुलगा वैतागला. "परत." संध्याकाळपर्यंत त्या करवंटीचे दोन तुकडे झाले होते.

दुसरा भाग कठीण. घडलं ते डोळे मिटून, आत्ता घडतंय असं बोलून दाखवायचं, पुन्हा पुन्हा. ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. बाईंनी आम्हाला त्यातलं काही सांगितलं नाही, तो नियमच आहे. पण अण्णांना फोनवर ते सापडत नसे, मी लावून द्यायचे आणि उठायला लागले की ते म्हणायचे, "बस. ऐक." अण्णा लढाईचं बोलायला लागले की हिंदीत जातात. ताडांच्या मधली पायवाट, सकाळची गस्त, एकामागे एक. येवल्याकडचा त्यांचा मित्र तहानेनं कासावीस झालेला, वाटेच्या कडेला पडलेलं शहाळं उचलायला वाकला. त्याच्या मागचा अंतर सोडून त्याच्याजवळ सरकला होता, तोही गेला. अण्णा तिसरे. "पाँच कदम," असं रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा पुन्हा येतं. "मैं पाँच कदम पे था."

पहिल्या काही आठवड्यांत सगळं बिघडलं. स्वप्नं परत वाढली, जेवण तुटलं. आई माझ्यावर तुटून पडली, "होते ते बरे होते, तू कशाला खपली काढलीस?" असं होतं हे बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं, आणि ते लक्षात ठेवूनही तग धरणं अवघड गेलं. मग हळूहळू त्याच रेकॉर्डिंगला अण्णा कंटाळायला लागले. एकदा ऐकता ऐकता डुलकी लागली. बाईंना हे सांगितलं तर त्या भलत्याच खूश झाल्या.

खड्ड्यासाठी आम्ही रंगपंचमी निवडली. नाशकात रंग रंगपंचमीला, आणि जुन्या गावात पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी आहेत. भर रस्त्यातले हे हौद वर्षभर फळ्या आणि मातीखाली बंद असतात, त्या दिवसासाठी उकरून उघडतात, आणि माणसं रंगाच्या पाण्यात धप्पे मारतात. उकरलेली माती, गर्दी, धक्काबुक्की, सगळं एकाच जागी. मी तिवंधा चौकातल्या रहाडीपाशी अण्णांचा हात धरून उभी होते. पहिला अर्धा तास ते माझा हात मोडतात की काय असं वाटलं. मग कोणीतरी धप्पा मारला, रंगाचं पाणी आमच्या तोंडावर आलं आणि अण्णांनी त्या पोराला अशी खणखणीत शिवी हासडली की आजूबाजूचे टाळ्या वाजवायला लागले.

तारेचं प्रकरण यादीवर आलं तेव्हा १९९२ निघालं. अण्णांनी ते आधी बाईंना सांगितलं, मग मला म्हणाले, त्याला फोन लाव. स्पीकरवर त्यांनी एवढंच सांगितलं, "मी मारलं नव्हतं तुला. तार दिसली. वर पडलो, तुला लागू नये म्हणून." पंचवीस वर्षं भावाच्या डोक्यात बापानं आपटल्याचं चित्र होतं, बापाच्या डोक्यात पोराला झाकल्याचं. मला वाटलं आता भाऊ रडेल, काहीतरी मोकळं होईल. तो म्हणाला, "कळलं अण्णा. पण हात तर माझाच मोडला ना." अण्णा म्हणाले, "हो." भाऊ आता दिवाळीला येतो, दोन दिवस राहतो. कोणी मिठ्या मारत नाही. त्याचा कोपर पूर्ण सरळ होत नाही, आणि मला त्याचं म्हणणं बरोबर वाटतं.

शहाळं अजून झालेलं नाही. अण्णा म्हणतात, सत्तरीत एखादी गोष्ट राहिली तर राहू द्या. नारळ मात्र घरात फुटतो. आई अजून पुढच्या खोलीत झोपते आणि दारातूनच हाक मारते. "मला आता या वयात दुसरं काही जमायचं नाही," म्हणते. कुणाच्या घरी असं असेल आणि डॉक्टरपर्यंत जाणं जड वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आमच्या वेळी तो नव्हता.

गेल्या वर्षापासून मीही एका काउन्सेलरकडे जाते. मुलगा पंधरा वर्षांचा झाला तरी तो रस्त्यानं मित्राच्या खांद्यावर हात टाकून चालला की माझा घसा कोरडा पडतो, म्हणून. ईसीएचएसमध्ये लग्न झालेली मुलगी बसत नाही, तेव्हा पैसे माझे. अण्णांना हे कळलं तेव्हा ते चक्रावले.

"लढाईवर मी गेलो होतो. तुला काय झालं?"

"तुम्ही शिकवलेलं सगळं मला अजून पाठ आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, फी किती घेते ती बाई? मी आकडा सांगितला. "एवढ्यात तर महिन्याचा किराणा येतो," म्हणाले, आणि पुढच्या वेळी स्वतः येऊन तिच्याशी बोलतो म्हणून हटूनच बसले.